खडीच्या जागी हिरवळ

१२ मार्च

आज शेवटचा दगड काढला. चर्चच्या वायव्येकडचा कोपरा मोकळा झाला. ज्यांच्या जागेची मुदत संपली आणि ती वाढवायला कुणी आलं नाही, अशा या सगळ्या कबरी. दगड उचलले, प्रत्येकाभोवतीचं झुडपांचं कुंपण मुळासकट उपटलं, खडी खरवडून काढली. खाली निघाली ती आमची डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्याची, यूलंडची वाळू. मूठभर घेतली तर बोटांतून गळून जाते, आणि वारा असला तर मूठ भरण्याचीही गरज नाही, आपणच तोंडात येते.

इथे गवत लावायचं आहे. तणनाशक मारायला बंदी झाल्यापासून खडीतलं तण मी गुडघ्यावर बसून उपटतो आहे आणि माझे गुडघे आता एकोणसाठ वर्षांचे आहेत. गावच्या फुटबॉल मैदानाचं गवत मी हौसेने सांभाळायचो. डेअरी बंद पडल्यावर त्याच जोरावर चर्चच्या समितीने मला ही नोकरी दिली. कबरी खणायच्या, घंटा वाजवायची, दफनभूमी नीटनेटकी ठेवायची. माझी बायको इंगर म्हणते, गवताबद्दल जेवताना बोलण्यापेक्षा लिहून ठेवत जा. म्हणून हे लिहिणं.

शेवटचा दगड अंकर विलाडसनचा होता. छोटासाच, नाव आणि दोन सालं. तो ढकलगाडीत ठेवत होतो तर गुद्रुनबाई दंताळं हातात घेऊन मागे उभ्या. गुद्रुनबाई एक्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि रोज सकाळी सायकलने येऊन नवऱ्याच्या, म्हणजे क्रेस्टेनच्या कबरीवरची खडी ओढतात. भांग पाडावा तशा सरळ रेघा. अख्ख्या दफनभूमीत तेवढी सुबक खडी दुसरी नाही.

विचारलं त्यांनी, दगड कुठे जाणार? म्हटलं, वर्षभर अवजारांच्या खोलीमागे राहील, मग फोडायला जाईल.

"मुदत वाढवायला कुणी आलं नाही?"

"कोण येणार? त्याला कुणी नव्हतंच. तुमच्याच शेतावर होता ना तो?"

"हो. तीसेक वर्षं." मग म्हणाल्या, "मी कोण येणारी?"

आता मी काही त्यांनी यावं असं म्हटलं नव्हतं. म्हातारी माणसं उगाच मनाला लावून घेतात.

२१ मार्च

समितीची बैठक. अध्यक्ष होल्गर ट्रानबर्ग गवताच्या बाजूने, कारण त्याला डुकरांपलीकडे फक्त खर्च कळतो आणि माझे तास त्याला महाग पडतात. विरोधात गुद्रुनबाई. सह्यांचा कागदच आणला होता. म्हणाल्या, खडी म्हणजे आदर. ज्याचं त्याचं कुंपण असावं, ज्याची त्याची जागा असावी. गवतात कोण कुठे झोपलंय काही कळायचं नाही.

खरं सांगायचं तर खोलीतली बरीच डोकी हलली. आमच्याकडे दुसऱ्याच्या कुंपणात कुणी पाय ठेवत नाही. मी एकदा कुणाच्या तरी कबरीवरचं पिवळ्या फुलाचं एक तण उपटायला आत गेलो तर दुकानात विचारणा झाली, तुमचं त्यांच्याशी नातं आहे का म्हणून.

ठरलं ते असं : एवढा एक कोपरा करून बघायचा. नोव्हेंबरात समिती पाहील. चांगला झाला तर बाकीच्या मोकळ्या जागाही गवताच्या. नाहीतर नांगर फिरवून परत खडी, आणि होल्गरच्या बोलण्यावरून वाटलं, मग वर्षभर तण उपटणारा माणूसही त्याला नको असेल. खडी आली की खडीसफाईचं यंत्र घेऊन ठेकेदार येतो म्हणे.

इंगरला हे शेवटचं सांगितलं नाही.

१० एप्रिल

पाठ मोडली पण काम झालं. नुसत्या वाळूवर बी टाकण्यात अर्थ नाही. तिला पाणी दिलं की ते सरळ खाली जातं आणि जाताना खत सोबत नेतं. म्हणून पाणथळीतली चिकणमाती आणून वाळवून, चाळून मिसळली, वर कुजलेलं कंपोस्ट. फार नाही, वरच्या वीतभर थरात. मूठ दाबली की आता गोळा होतो आणि बोटाने टोचलं की फुटतो. हा गोळा घरी नेऊन इंगरला दाखवला. ती म्हणाली, छान आहे, आता टेबलावरून उचल.

२७ एप्रिल

पेरलं. ऑगस्टच्या शेवटी पेरणं सगळ्यात बरं, जमीन तेव्हा उबदार असते आणि पाऊसही जवळ असतो. पण होल्गरला नोव्हेंबरपर्यंत काहीतरी हिरवं दिसायला हवं. सुईसारख्या पात्याचं फेस्क्यू गवत जास्त, त्याला भूक आणि तहान दोन्ही कमी. सोबत थोडं लवकर उगवणारं, त्याच्या आडोशाला हळू वाढणारं वाढावं म्हणून. हलकेच दंताळं फिरवलं, रूळ फिरवला, दोरी बांधली.

३० एप्रिल

वारा. दोन दिवस, पश्चिमेकडून. कोपऱ्याच्या एका बाजूचं बी उडून गेलं. काही चर्चच्या दारात सापडलं, काही गुद्रुनबाईंच्या क्रेस्टेनवर. उरलेल्यावर तागाचं जाळं अंथरलं आणि उडालं तिथे पुन्हा पेरलं. आधीच अंथरायला हवं होतं. मैदानाला चारी बाजूंनी झाडं होती, त्याची सवय नडली.

१८ मे

उगवलं. वरून पाहिलं तर काहीच नाही, पण खाली बसून उन्हाच्या दिशेने बघितलं की वाळूवर हिरवी वाफ आल्यासारखी दिसते. इंगरला बोलावून दाखवलं. तिला दिसली नाही, पण दिसली म्हणाली.

क्रेस्टेनच्या खडीतही उगवलं आहे, आणि तिथे जास्त दाट. गुद्रुनबाई एकेक पातं उपटून काढत होत्या. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "क्रेस्टेनला जे नको असायचं ते त्याच्या वाट्याला बरोबर यायचं." हसत होत्या का ते कळलं नाही. आमच्याकडे ते कळणं अवघडच असतं.

५ जून

पाऊस नाही. वाळू वाळूसारखी वागायला लागली. नळाचं पाणी पुरेना, म्हणून होल्गरने त्याचा टँकर पाठवला, नदीच्या पाण्याने भरून. धुतलाय, असं म्हणाला. धुतला नव्हता. एरवी त्यातून डुकरांचं मूत आणि शेण शेतावर जातं, आणि रविवारची प्रार्थना सुरू असताना सगळ्या चर्चला त्याची खात्री पटली. एक भजन कमी घेतलं.

पण आज पाहतो तर जिथे टँकरचं पहिलं पाणी पडलं तो पट्टा बाकीच्यापेक्षा दोन छटा गडद. वाळूला खत एकदम जास्त देऊन चालत नाही, थोडं थोडं आणि वारंवार द्यावं लागतं. होल्गरने अजाणता तेच केलं. त्याला हे सांगायचं नाही, नाहीतर तो पुन्हा पाठवेल.

२२ जून

पहिली कापणी. उंच ठेवली. वाळूतलं गवत उंच ठेवलं तरच मुळं खोल जातात. बुडाशी कापलं की पहिल्या कोरड्या आठवड्यात मरतं. लोकांना हे पटत नाही, त्यांना गालिचा हवा असतो.

गुद्रुनबाई खडी ओढून झाल्यावर दोरीपाशी येऊन उभ्या राहिल्या. गेले काही दिवस त्या रोज येतात, तिकडे उत्तरेच्या टोकाला, आणि आत बघत राहतात. मी समजतो ते. नोव्हेंबरसाठी खोट शोधत असणार.

आज बोलल्या. "यावर चालायचं कधी?"

म्हटलं, आणखी दोनदा कापलं की.

"आणि मग कुणीही?"

"कुणीही."

"कुठेही? मधेच उभं राहिलं तरी?"

"गुद्रुनबाई, गवत आहे ते. उभं राहा, बसा, डबा खा. कुंपणं गेली आता."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं जास्त बोललो. डब्याचं बोलायला नको होतं.

गवतावर छोटे तपकिरी भुंगे उडताहेत, हिरव्या डोक्याचे. दिसायला देखणे. मैदानावर एका वर्षी हेच पाहिले होते आणि नंतर काय झालं तेही लक्षात आहे. पण इतक्या कोवळ्या गवतात कशाला अंडी घालतील, असं म्हणून घरी आलो.

१९ जुलै

दोरी काढली. दुपारी तिथे पोरं पळाली, एक कुत्रं लोळलं, सुट्टीवर आलेले दोन जर्मन बसून सफरचंद खाऊन गेले. गुद्रुनबाईंनी हे सगळं क्रेस्टेनच्या बाकावरून पाहिलं. सगळे गेल्यावर उठल्या आणि गवतातून चालत गेल्या. सरळ नाही, इकडून तिकडून, पाहुणीसारख्या. मग उत्तरेच्या टोकाला थांबल्या. मी घंटा वाजवून खाली आलो तरी तिथेच.

३ ऑगस्ट

गुद्रुनबाईंना गवताची गोडी लागली आहे, आता शंकाच नको. खडी अर्धवट ओढतात आणि गवतात येतात. रेघा वाकड्या. पूर्वीच्या गुद्रुनबाईंनी दुसऱ्या कुणाच्या अशा रेघा पाहिल्या असत्या तर समितीला पत्र गेलं असतं.

त्यांना विचारलं, शेतावर कधी गवत लावून पाहिलं होतं का? म्हणाल्या, अंकरने एकदा घरामागे लावलं होतं. त्याला वाळूचा कंटाळा होता. बुटात जाते, पलंगात येते, म्हणायचा. लाटेवर कुदळ मारण्याइतकाच उपयोग झाला. क्रेस्टेन तेव्हा आजारी पडून होता, खिडकीतून बघायचा आणि म्हणायचा, गड्याला काम कमी आहे.

मी विचारलं, बी कुठलं वापरलं होतं?

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. "ते नाही सांगितलं त्याने," म्हणाल्या.

तर माझा अंदाज, राईग्रास असणार. त्या काळी सगळे तेच टाकायचे.

रात्री जेवताना इंगरला सांगितलं की गुद्रुनबाईंचं मन मी जिंकलं. इंगरने विचारलं, त्या नेमक्या कुठे उभ्या राहतात? सांगितलं, उत्तरेला, त्या बीच जातीच्या झाडाशी. तिथे कुणाचा दगड होता? म्हटलं, अंकर विलाडसनचा, पण त्याचा काय संबंध? तिने बटाटे वाढले. मग म्हणाली, "तू तिकडची बाजू नीट ठेव हं, लाउस्त." जणू मी बाकीच्या बाजू नीट ठेवत नाही.

२९ ऑगस्ट

हुमणी. भुंग्यांनी अंडी घातलीच होती.

सकाळी पाहिलं तर गवताचे पिवळे चट्टे, आणि हात घालून ओढलं तर चटई उचलावी तसं गवत हातात आलं. खाली मुळंच नाहीत. वाळूत पांढऱ्या, वाकड्या अळ्या, निवांत. मधल्या भागात जास्त. मी तिथेच बसून राहिलो. वारा माझ्या हातात नव्हता, पाऊस हातात नव्हता, पण हे मी जूनमध्ये डोळ्यांनी पाहिलं होतं. औषध मारायला बंदी आहे. मारता आलं असतं तरी इथे मारलं नसतं.

१ सप्टेंबर

कावळ्यांना बातमी लागली. काल संध्याकाळपर्यंत हिरवळ होती, आज पहाटे डुकरं सोडल्यासारखी जागा. गवताचे तुकडे उलटेपालटे. होल्गर गाडी थांबवून पाहून गेला. त्याला वाईट वाटलं नसावं, उलट हिशोब सुटल्यासारखा दिसत होता. म्हणाला, नोव्हेंबरची वाट कशाला बघायची. मी म्हटलं, बघायचं ठरलंय, तर बघायचं. माझा आवाज चढला. गावात माझा आवाज यापूर्वी फक्त ऑफसाइडवरून चढलेला आहे.

आज इंगरला नोकरीचंही सांगून टाकलं. तिला मार्चपासून माहीत होतं. होल्गरच्या बायकोने सांगितलं होतं.

२ सप्टेंबर

सहाला पोचलो तर उत्तरेच्या टोकाला कुणीतरी जमिनीवर. गुद्रुनबाई. गुडघ्याखाली उशी घेऊन बसल्या होत्या आणि उलटलेले गवताचे तुकडे एकेक करून जागेवर लावून तळहाताने दाबत होत्या. शेजारी पातेलं आणि लाकडी चमचा. कावळा उतरला की पातेलं वाजवायच्या. अंधारातच आल्या होत्या, सायकलचा दिवा अजून चालू होता.

म्हटलं, गुद्रुनबाई, हे तुमचं काम नव्हे, थंडी आहे. आणि जास्त तर मधे उकरलंय, इथे तसं थोडंच आहे.

"मधलं तू बघ," म्हणाल्या. "इथलं मी बघते."

एवढ्या म्हाताऱ्या बाईला माझ्या गवताची अशी काळजी. मी मधे बसलो, त्या तिकडे. कॉफीपर्यंत दोघं काम करत होतो. एकदा त्या काहीतरी पुटपुटत होत्या असं वाटलं, पण वाऱ्यामुळे कळलं नाही. कावळ्यांना असेल.

५ सप्टेंबर

सूत्रकृमी टपालाने आल्या. पिठासारखी भुकटी, पण त्यात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी किडे असतात आणि ते हुमणीच्या अंगात शिरून तिला मारतात. पाण्यात कालवून ओल्या जमिनीत झारीने घालायच्या, ऊन नसताना. आभाळ आलं होतं. इंगर, मी आणि गुद्रुनबाई, तीन झाऱ्या. वरून जाळं टाकलं, कावळ्यांसाठी. जिथे जमीन उघडी पडली तिथे पुन्हा पेरलं. या वेळी तरी पेरणीचा हंगाम बरोबर आहे.

इंगर आणि गुद्रुनबाई उत्तरेला एकत्र पाणी घालत होत्या. निघताना इंगरने त्यांचा हात धरला. आम्ही असं करत नाही.

२६ सप्टेंबर

खणून पाहिलं. अळ्या तांबूस, मऊ, मेलेल्या. नवं गवत बोटभर आलं आहे. पाऊस अगदी हवा तसा, रात्री पडतो आणि सकाळी थांबतो. आज काही करण्यासारखं नव्हतं म्हणून नुसता उभा राहिलो. फार बरं वाटलं.

१४ नोव्हेंबर

बैठक. समिती आधी कंदील घेऊन गवत पाहून आली. चट्टे भरले आहेत, पण मधे रंग अजून वेगळा दिसतो, ते मी लपवलं नाही. होल्गर म्हणाला, अळ्या पुन्हा येतील. मी म्हटलं, येतील. पण मुळं खोल गेली की गवत थोड्या अळ्या सोसतं. पहिलं वर्ष सगळ्यात वाईट असतं. यापेक्षा चांगलं मला बोलता आलं नाही. खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

मग गुद्रुनबाई उठल्या. होल्गरला वाटलं आता काम सोपं झालं. त्याने त्यांना खुर्ची पुढे घेऊन दिली.

त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, "मार्चमध्ये मी जे बोलले ते खरं होतं. गवतात कोण कुठे झोपलंय ते कळत नाही. पण खडीत माणूस कुठे उभा राहिला ते दिसतं. गवतात दिसत नाही. मला आता गवत बरं वाटतं." आणि कोट घालून निघाल्या.

मुद्दा बिनतोड होता. खडीत पावलं उमटतात आणि मागोमाग कुणीतरी दंताळं फिरवायला लागतं. गवतात तो खर्चच नाही. मी लगेच तसं म्हटलं. होल्गरही म्हणाला, तासांच्या दृष्टीने खरं आहे. हात वर झाले. एक सोडून सगळे. तो एक हातही नंतर वर आला, त्याला वाटलं कॉफीबद्दल विचारलंय.

इंगर मागे बसली होती. घरी येताना सायकलवर ती माझ्या पुढेच राहिली. अंधारात मला वाटलं रडते आहे, पण वारा समोरून होता आणि माझ्याही डोळ्यांतून पाणी येत होतं.

नोकरी राहिली. बाकीच्या मोकळ्या जागाही पुढच्या ऑगस्टात पेरायच्या. ऑगस्टात, हे मी कागदावर घातलं.

८ मे

हिवाळ्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं. शेवाळ थोडं आलं, दंताळ्याने काढलं.

आज तिसरी कापणी. ऊन होतं, वारा जवळजवळ नाही. अर्धं कापून झालं तेव्हा गुद्रुनबाई आल्या, हातात दंताळं नाही. म्हणाल्या, आपली जागा ठरवायची आहे. मी म्हटलं, तुमची ठरलेलीच आहे ना, क्रेस्टेनशेजारी, दगडावर नावसुद्धा कोरून ठेवलंय.

"क्रेस्टेनला दगड आहे, खडी आहे, बाक आहे," त्या म्हणाल्या. "त्याला सगळं मिळालंय. मला गवतात हवी."

मला काय झालं ते लिहिता येत नाही. या गवतात जागा मागणारं पहिलं माणूस, आणि तेही गुद्रुनबाई. मी यंत्र बंद केलं आणि त्यांना दक्षिणेची बाजू दाखवली, जिथे टँकरचा पट्टा आहे, सगळ्यात दाट, दिवसभर ऊन. त्या माझ्यामागून आल्या, पाहिलं, छान आहे म्हणाल्या, आणि चालत उत्तरेला गेल्या. मी सांगितलं की तिथे बीचची सावली पडते, शेवाळ येतं, गवत तिथे कधीच दक्षिणेसारखं होणार नाही. उगाच नंतर तक्रार नको.

"मी तक्रार करणार नाही," म्हणाल्या. "इथे. अगदी इथे. लिहून घे."

मी लिहून घेतलं. मग त्यांनी पर्स खाली ठेवली, माझ्या खांद्याला धरून वाकल्या आणि कोट, टोपी, बूट सगळ्यासकट गवतावर आडव्या झाल्या. हात पोटावर. मला कुठे बघावं कळेना. मनोऱ्याकडे पाहिलं. मग विचारलं, कसं वाटतंय.

"गार आहे," म्हणाल्या. "पण मऊ आहे रे."

उठवायला हात पुढे केला. त्यांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाल्या, "थांब जरा, लाउस्त. तुला घाई आहे का?"

घाई नव्हती. थोड्या अंतरावर गवतात बसलो. उन्हाने गवताचा वास येत होता, कापलेल्याचा वेगळा आणि न कापलेल्याचा वेगळा. राहिलेला अर्धा भाग उद्या कापीन.